निवळलेल्या वाइनमधला मासा

वाइन द्राक्षांची. बिअर बार्ली, हॉप्स, यीस्ट आणि पाण्याची. साखर उसाची नाहीतर बीटची. या यादीत प्राणी कुठेच नाही. तरीही काही वाइनच्या बाटल्यांवर 'व्हीगन' (प्राण्यांपासून मिळालेलं काहीच नाही) असं मुद्दाम छापलेलं असतं आणि ते वाचून माणूस चक्रावतो. मग बाकीच्या वाइनमध्ये कोंबडी घालतात की काय?

कोंबडी नाही, पण अंडं घालतात. कधी माशाच्या पोटातली हवेची पिशवी, कधी दुधातलं केसीन, कधी जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेलं जिलेटीन. घालतात आणि काम झालं की काढून घेतात. ग्लासात आलेल्या वाइनमध्ये त्यातलं जवळपास काहीच उरलेलं नसतं. लेबलावर तर बहुतेक वेळा नावही नसतं. अशी वाइन व्हीगन म्हणायची का, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही, कारण त्याचं उत्तर देताना व्हीगन म्हणजे नेमकं काय, हेच आधी ठरवावं लागतं.

आधी वाइन निवळते कशी ते पाहू

ताजी वाइन गढूळ असते. आंबवण्याचं काम संपलं तरी तिच्यात यीस्टच्या मेलेल्या पेशी, द्राक्षाच्या गरातली प्रथिनं, साली आणि बियांतून उतरलेलं तुरट टॅनिन असं बरंच काही तरंगत असतं. नुसती ठेवून दिली तर काही महिन्यांत ती बऱ्यापैकी निवळते. पण तोवर टाकी अडकते आणि पैसाही अडकतो. शिवाय काही कण इतके बारीक असतात की ते आपणहून तळाशी बसतच नाहीत. एकाच प्रकारचा विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत राहतात.

अशा वेळी त्यांना गोळा करणारं काहीतरी बाहेरून घालतात. वाइन आंबट असते, तिचा पीएच साधारण ३ ते ४. एवढ्या आंबट द्रवात जिलेटीन, अंड्यातला अल्ब्युमिन किंवा माशातलं कोलॅजन अशी प्रथिनं धनभारित होतात. ऋणभारित कण त्यांच्याकडे ओढले जातात, टॅनिनही त्यांना चिकटतं. बारीक कणांचे गुठळे होतात, गुठळे जड होतात आणि तळाशी साका बसतो. वरची नितळ वाइन अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घेतली की झालं.

उंची लाल वाइनसाठी अंड्याची पद्धत फार जुनी. २२५ लिटरच्या ओकच्या पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक पुरतो. तो चिमूटभर मीठ घालून हलक्या हाताने फेटायचा, पण फेस येऊ द्यायचा नाही. पिंपात ओतून ढवळायचा आणि काही आठवडे पिंपाला हात लावायचा नाही. तोंडाला करकरीत लागणारं टॅनिन बलकाबरोबर खाली बसतं आणि वाइन मऊ होते. एका पिंपात ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्या होतात, म्हणजे साधारण ५०-६० बाटल्यांमागे एक अंडं. तेही बहुतांश साक्याबरोबर फेकून दिलं जातं.

माशाची गोष्ट याहून रंजक आहे. आयझिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून, साफ करून केलेलं जवळजवळ शुद्ध कोलॅजन. ते थंड, आंबट पाण्यात फुगवून विरघळवावं लागतं. उबदार जागेत राहिलं तर त्याची वीण उसवते आणि त्याचं साधं जिलेटीन होऊन बसतं. पूर्वी ते स्टर्जन माशाचं असायचं, रशियाहून यायचं आणि महाग पडायचं. १७९५ मध्ये विल्यम मर्डॉक या स्कॉटिश इंजिनिअरने त्याला कॉड माशाचा स्वस्त पर्याय काढला. वाफेच्या इंजिनांवर आणि गॅसच्या दिव्यांवर काम करणारा हाच तो मर्डॉक. ब्रिटनमधल्या पिंपातून थेट वाढल्या जाणाऱ्या एल बिअरला आयझिंग्लास विशेष मानवलं, कारण त्या पिंपात यीस्ट जिवंतच असतं. गाडीतून नेताना पिंप हिंदकळलं तरी गुठळे पुन्हा गोळा होऊन तळाशी बसतात. गिनेस या आयरिश बिअर कंपनीनेही पिढ्यान्‌पिढ्या हेच वापरलं. नवी गाळणयंत्रणा बसवून मासा बंद करत असल्याचं त्यांनी २०१५ मध्ये जाहीर केलं, तेव्हा अनेकांना आपल्या बिअरमध्ये मासा होता हेच पहिल्यांदा कळलं.

एकेकाळी बैलाचं वाळवलेलं रक्तही वाइन निवळायला वापरत. १९९० च्या दशकात मॅड काऊ रोगाची धास्ती बसली आणि युरोपात ते बंद झालं.

हे सगळं प्राण्यांवाचून होत नाही असं मुळीच नाही. बेंटोनाइट नावाची ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली माती उलट दिशेने काम करते. ती ऋणभारित असते आणि प्रथिनांनाच धरून खाली बसवते. वाटाण्याचं आणि बटाट्याचं प्रथिन आहे, सक्रिय कोळसा आहे, पीव्हीपीपी नावाचं एक न विरघळणारं प्लास्टिक आहे. बिअर उकळताना घालायचं समुद्री शेवाळही आहे. बारीक जाळीची गाळणी आणि सेंट्रिफ्यूज तर आहेतच. पांढऱ्या वाइनच्या कितीतरी बाटल्या फक्त बेंटोनाइटवर निवळतात आणि त्यावर व्हीगन असा शब्दही नसतो.

लेबलावर का येत नाही?

अशा पदार्थांना प्रोसेसिंग एड म्हणतात. इमारत बांधताना परांची लागते, बांधून झाली की ती उतरवतात, घर विकताना तिचा हिशेब कोणी देत नाही. अन्नकायद्याने या पदार्थांना साधारण असंच वागवलं आहे. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमात (क्रमांक १३३३/२००८) व्याख्या आहे, ती सोपी करून सांगायची तर अशी: जो पदार्थ स्वतः अन्न म्हणून खाल्ला जात नाही, प्रक्रियेत एखाद्या तांत्रिक कामासाठी मुद्दाम वापरला जातो आणि तयार मालात त्याचा अंश टाळता न येण्याइतका उरला तरी तो अपायकारक नसतो व तिथे काही काम करत नाही. असा पदार्थ घटकांच्या यादीत लिहावा लागत नाही. अमेरिकेच्या नियमांतही अशीच सूट आहे.

सुटीला एक अपवाद आहे तो ॲलर्जीचा, आणि तिथे गंमत होते. युरोपात २०१२ च्या उन्हाळ्यापासून वाइनमध्ये अंड्याचा किंवा दुधाचा अंश चाचणीत सापडला तर बाटलीवर तसं लिहावं लागतं. माशालाही ॲलर्जीच्या यादीत जागा आहे, पण बिअर आणि वाइन निवळण्यासाठी वापरलेलं आयझिंग्लास त्यातून खास वगळलं आहे, कारण त्याने ॲलर्जी होण्याची शक्यता नगण्य मानली गेली. म्हणजे लेबल वाचून अंडं कधीकधी कळतं, मासा कळत नाही. आणि अंड्याचा उल्लेख नाही याचा अर्थ अंडं वापरलंच नाही असाही नाही. ते चाचणीत सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कायद्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही. कायदा विचारतो, 'खाणाऱ्याच्या पोटात काय जातंय?' ॲलर्जी असलेल्या माणसाचा प्रश्नही तोच असतो. व्हीगन माणसाचा प्रश्न मात्र 'हे बनवताना प्राण्याचं काय झालं?' हा असतो. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. एकाच्या उत्तरातून दुसऱ्याचं उत्तर काढायला गेलं की गोंधळ होतो. 'अहो, त्यात काही उरतच नाही' हे वाक्य पहिल्याला दिलासा देतं. दुसऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

हा पेच नवा नाही. अठराव्या शतकात प्रागचे ज्यू धर्मपंडित येहेज्केल लांडाउ यांच्यासमोर जवळपास हाच प्रश्न आला होता. मधापासून केलेली मीड निवळायला स्टर्जनची पिशवी वापरत, आणि ज्यू आहारनियमांत हा मासा निषिद्ध मानला जाई. मीड चालेल का? त्यांनी चालेल असा कौल दिला. पिशवी चवीसाठी घातलेली नाही, ती पेयात ठेवायचा कोणाचा हेतू नाही आणि तिचा अंश नगण्य आहे, असा तो युक्तिवाद. आजचा अन्नकायदा वाचताना हाच विचार पुन्हा भेटतो. निषिद्ध पदार्थ पोटात जाऊ नये हा नियम असेल तर युक्तिवाद बिनतोड आहे. व्हीगन विचार मात्र शुद्ध-अशुद्धतेवर उभा नाही. तो प्राण्यांच्या वापरावर बोट ठेवतो, आणि वापर तर झालेला आहे. हेतूच्या मुद्द्यावर तर पारडं उलटं फिरतं, कारण मासा चुकून पडलेला नाही, मुद्दाम विकत आणून घातलेला आहे.

साखरेचं प्रकरण

वाइन टाळता येते. साखर टाळणं कठीण, म्हणून हे प्रकरण जास्त डोकेदुखीचं.

कच्ची साखर तपकिरी असते. ती पांढरी करण्यासाठी विरघळवून तिचा पाक उंच टाक्यांतून सोडतात आणि या टाक्यांत रंग शोषून घेणारे दाणे भरलेले असतात. काही रिफायनऱ्यांमध्ये हे दाणे हाडांच्या कोळशाचे असतात. गुरांची हाडं हवाबंद भट्टीत ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापवली की तो तयार होतो. कोळसा म्हटलं तरी त्यात कार्बन दहा टक्क्यांच्या आसपासच, बाकी मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. त्याच्या सच्छिद्र पृष्ठभागावर रंगाचे कण आणि काही क्षार अडकतात. दाणे मंदावले की धुऊन पुन्हा भट्टीत तापवतात आणि परत भरतात, असं वर्षानुवर्षं चालतं. साखरेत हाड येत नाही. साखर हाडांवरून वाहत येते.

सगळी साखर अशी नसते. बीटच्या साखरेला हाडांच्या कोळशाची गरजच पडत नाही. उसाच्या साखरेतही अनेक ठिकाणी दगडी कोळशापासून किंवा लाकडापासून केलेला सक्रिय कार्बन, नाहीतर आयन-एक्स्चेंज रेझिन वापरतात. काही कारखाने उसाच्या रसालाच चुना आणि सल्फर डायऑक्साइड देऊन थेट पांढरी साखर काढतात, तिथेही हाडाचा संबंध नाही. अमेरिकेत सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या साखरेला हाडांचा कोळसा चालत नाही. तपकिरी रंग पाहून मात्र निर्धास्त होऊ नये. बाजारातली बरीच ब्राऊन शुगर म्हणजे आधी पांढरी केलेली साखर आणि वरून परत मिसळलेली मळी.

खरी अडचण पुढे आहे. बिस्किटं, सॉस, शीतपेयं, चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या रिफायनऱ्यांची साखर घेतात, दरानुसार पुरवठादार बदलतात आणि सगळी साखर एकाच कोठीत ओततात. 'तुमची साखर कशावर गाळलेली आहे?' असं विचारलं तर पुष्कळदा त्यांनाही ते माहीत नसतं, आणि त्यात लपवाछपवी असतेच असं नाही.

फळांच्या रसात चित्र थोडं बरं आहे. सफरचंदाचा नितळ रस पूर्वी जिलेटीन आणि सिलिका वापरून सर्रास निवळत. आता पेक्टिन (फळातला चिकट पदार्थ) तोडणारी एन्झाइमं आणि अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांमधून गाळण्याची पद्धत आली आहे. युरोपच्या फळरस नियमांत २०१२ च्या दुरुस्तीने गहू, वाटाणा आणि बटाट्याच्या प्रथिनांनाही परवानगी मिळाली. जिलेटीन मात्र यादीतून गेलेलं नाही. रस ढगाळ असेल तर तो निवळलेलाच नसतो, हा त्यातल्या त्यात सोपा ताळा.

फेस, साचे आणि पावाचं पीठ

पाक, जॅम, बटाट्याचं पाणी असं काहीही उकळताना फेस येतो. फेसाच्या बुडबुड्याची भिंत ताणलेली असते. तिच्यावर चरबीचा थेंब पसरला की ती पातळ होऊन फुटते. मेपल सिरप करणारे लोक पूर्वी पसरट कढईवर खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा दोरीने टांगून ठेवत. फेस चढत त्या तुकड्याला लागला की झटकन खाली बसायचा. कोणी लोण्याचा तुकडा किंवा सायीचा थेंब टाकायचं. आता बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल असतं, पण सिरपच्या बाटलीवर दोन्हींपैकी कशाचंच नाव येत नाही. बेकरीच्या साच्यांना लावायचं तेल-चरबी हाही असाच प्रकार. तिथेही वनस्पती तेल स्वस्त असल्याने चिंता कमी.

पावाच्या पिठात लवचीकपणा आणायला एल-सिस्टीन (एक अमिनो आम्ल) घालतात. कायद्याने तो प्रोसेसिंग एड नव्हे, ई९२० क्रमांकाचा ॲडिटिव्ह, म्हणजे अन्नात मुद्दाम मिसळायचा पदार्थ, आहे. तो बदकांच्या पिसांपासून निघतो, आणि आता जिवाणूंकडून आंबवूनही बनवतात. माणसाच्या केसांपासूनही तो काढता येतो, पण युरोपात त्याला मनाई आहे. केस देणारा माणूस राजीखुशीने देत असेल तर ते व्हीगन ठरेल का, यावर लोक तासन्‌तास वाद घालू शकतात. मला त्यात पडायचं नाही. पावात मात्र मी तो घेणार नाही.

सर्वांत फसवी जागा वेगळीच आहे. ती म्हणजे घटकाच्या आत दडलेला घटक. पेयाला केशरी रंग देणारं बीटा-कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचे सूक्ष्म कण एखाद्या आवरणात गुंडाळतात. ते आवरण स्टार्चचं असू शकतं, तसंच जिलेटीनचंही. लेबलावर लिहिलेलं असतं फक्त 'रंग: बीटा-कॅरोटीन'. आवरणाला, म्हणजे कॅरियरला, लेबलातून तशीच सूट असते. इथे आणखी एक फरक आहे. वाइनमधलं अंडं साक्याबरोबर निघून जातं, हे जिलेटीन मात्र अगदी थोडं का होईना, पोटात जातं.

मग उत्तर काय?

व्याख्येपुरतं उत्तर सरळ आहे: प्राणिज प्रोसेसिंग एड वापरला असेल तर तो पदार्थ व्हीगन नाही. जर्मनीतल्या राज्यांच्या ग्राहकमंत्र्यांनी २०१६ मध्ये ठरवलेल्या व्याख्येत प्रोसेसिंग एडचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२१ च्या आयएसओ २३६६२ या आंतरराष्ट्रीय मानकातही तो आहे. युरोपीय संघाने २०११ च्या लेबल कायद्यातच व्हीगन आणि शाकाहारी माहितीचे नियम करण्याचं काम आयोगावर सोपवलं, पण दशक उलटलं तरी ते नियम काही आले नाहीत. त्यामुळे खासगी प्रमाणचिन्हांवर भिस्त राहिली.

यावर ठरलेला आक्षेप असा की मासा खाण्यासाठी मेलेलाच होता, गाय मांसासाठी कापलेलीच होती, पिशवी आणि हाडं वाया गेली असती, मग बिघडलं कुठे? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. वाया जाणाऱ्या वस्तूला गिऱ्हाईक मिळालं की मूळ धंद्याचा ताळेबंद सुधारतो. आणि उप-उत्पादन कायम उपच राहतं असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या आखातातला टोटोआबा मासा आज मारला जातो तो मुख्यतः त्याच्या हवेच्या पिशवीसाठी, आणि त्याच्या जाळ्यांत सापडून वाकिटा हा छोटा समुद्री सस्तन प्राणी नामशेष होण्याच्या काठावर आला आहे. ती पिशवी वाइनसाठी जात नाही, हे खरं. पण टाकाऊ समजलेला अवयव माशाच्या मांसाहून मोलाचा ठरू शकतो, एवढं त्यावरून दिसतं.

दुसऱ्या टोकाला मात्र मी जाणार नाही. शोधत गेलं तर हा धागा कुठेच संपत नाही. भाजीच्या शेतात हाडांचं खत असतं. बिअरच्या बाटलीला लेबल चिकटवणारा गोंद पुष्कळदा केसीनचा, म्हणजे दुधाचा असतो, कारण तो बर्फाच्या पाण्यात टिकतो आणि बाटली धुताना सुटतो. व्हीगन सोसायटीच्या व्याख्येत 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितपत' असे शब्द आहेत, ते अशाच जागांसाठी. माझं माप साधं आहे. जिथे पर्याय शेजारच्याच फळीवर आहे तिथे सूट घेऊ नये. वाइन, बिअर आणि रस या गटात येतात. घरी वापरायची साखरही येते, कारण ती एकदा विचारून ठरवता येते. बिस्किटातल्या साखरेचा माग काढत बसणं मात्र बहुतेकांना जमणार नाही, आणि त्यासाठी कोणाला व्हीगनपणातून बाद करण्यात प्राण्यांचाही काही फायदा नाही.

विचारायचंच असेल तर प्रश्न नेमका असावा. 'हे व्हीगन आहे का?' असं विचारलं की विक्रेता घटकांची यादी वाचून हो म्हणतो. त्यापेक्षा 'निवळण्यासाठी काय वापरता?' असं उत्पादकाला विचारावं आणि वाइन असेल तर वर्षही सांगावं, कारण एकाच वायनरीत एका हंगामात अंडं आणि पुढच्या हंगामात बेंटोनाइट असू शकतं. बाटलीवर 'अनफिल्टर्ड' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ वाइन गाळलेली नाही एवढाच. अंड्याने निवळून न गाळता भरलेल्या वाइनलाही हा शब्द चालतो. पाहायचा शब्द 'अनफाइन्ड', म्हणजे निवळण्यासाठी काहीच न घातलेली, हा आहे.